१९३० ची महामंदी: सरकारने माणसं सावरली की मंदीच लांबवली?

सांजपर्व (शुक्रवार, रात्री १०:४०)

अमेरिकेतल्या महामंदीबद्दल शाळा-कॉलेजात जे शिकलो ते एका वाक्यात मावतं. १९२९ ला शेअर बाजार कोसळला, अध्यक्ष हूव्हर हातावर हात ठेवून बसले, मग १९३३ ला रूझवेल्ट आले आणि त्यांच्या ‘न्यू डील’ने, म्हणजे सरकारी मदतीच्या आणि सुधारणांच्या कार्यक्रमाने, देश वाचवला. गेले काही महिने या काळावर मिळेल ते वाचतोय आणि या वाक्याचा एकेक टाका उसवत चाललाय.

हूव्हर गप्प बसले होते हेच मुळात खरं नाही. हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी सह्या करून ‘नको’ म्हणून विनवलं, तरी त्यांनी जून १९३० मध्ये आयात कर वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. १९३२ च्या जानेवारीत बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारं सरकारी महामंडळ काढलं. त्याच वर्षी प्राप्तिकराचा सर्वात वरचा दर २५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेला. बँकेच्या प्रत्येक चेकवर दोन सेंट कर बसवला, तोही लोक बँकांतून पैसे काढून घरात दडवत असताना!

आणि रूझवेल्ट? १९३३ मध्ये चारातला एक कामगार बेकार होता. पाच वर्षं न्यू डील राबवल्यावर, १९३८ मध्ये, बेकारी पुन्हा १९ टक्क्यांवर होती. याला ‘वाचवणं’ म्हणायचं का?

ज्यामुळे हा धागा काढावासा वाटला ती गोष्ट सांगतो. येल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम ग्रॅहम समनर यांनी १८८३ मध्ये एक कोडं मांडलं होतं. अ आणि ब एकत्र बसून ठरवतात की गरजू क्षसाठी काहीतरी करायला हवं. मग कायदा होतो आणि पैसे जातात क च्या खिशातून. त्या क ला कुणी विचारतच नाही, म्हणून समनर त्याला ‘विसरलेला माणूस’ म्हणाले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, ७ एप्रिल १९३२ च्या रेडिओवरच्या भाषणात, रूझवेल्टनी तोच शब्द वापरला, पण समाजाच्या उतरंडीत तळाशी असलेल्या माणसासाठी. म्हणजे क्षसाठी! शब्द एक, माणूस दुसराच.

सध्या माझा कल असा आहे की क ला खरोखरच विसरलं गेलं आणि मंदी लांबली. पण मला खोडून काढणारं कुणी भेटलं तर हवंच आहे.

खडूफळा (शुक्रवार, रात्री ११:१५)

उत्तम विषय. हे वर्गात शिकवलंय, त्यामुळे दोन ओळींत उरकवत नाही. रविवारी बसून लिहितो.

रानजाई (शुक्रवार, रात्री ११:५८)

आकड्यांवर बोलणारे येतीलच. मी ऐकलेलं सांगते.

आयोवात सहा वर्षं होतो तेव्हा शेजारी नव्वदीच्या एक आजी राहायच्या. सुतळीचा तुकडासुद्धा टाकायच्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या एका खणात नुसत्या सुतळ्या आणि घड्या घातलेले कागद. १९३३ च्या सुरुवातीला त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. कर्ज थकलं म्हणून शेजाऱ्याच्या शेताचा लिलाव पुकारला होता. आसपासचे सगळे शेतकरी जमले. पहिला घोडा निघाला, बोली लागली दहा सेंट. नांगर, पाच सेंट. पुढे कुणी बोलेना. संध्याकाळपर्यंत सगळं सामान काही डॉलरांत विकलं गेलं, आणि घेणाऱ्यांनी ते जिथल्या तिथे मूळ मालकाला परत दिलं. अशा लिलावांना तिकडे ‘पेनी ऑक्शन’ म्हणत.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग आजी म्हणाल्या, कोठाराच्या आढ्याला दोराचा फास टांगलेला होता, बाहेरून येऊन जास्त बोली लावणाऱ्याला दिसावा म्हणून. त्यांच्या वडिलांचा हात त्या दिवशी त्यांच्या खांद्यावरून निघालाच नाही.

सरकार यायच्या आधी लोक एकमेकांना धरून होते हे खरं. पण कसे धरून होते तेही सांगायला हवं.

पारवा (शनिवार, सकाळी ७:३०)

रानजाई, अंगावर काटा आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोवातल्याच ले मार्स गावी जमावाने न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर नेलं होतं. जप्तीचे हुकूम देणार नाही अशी शपथ घे म्हणून त्याच्या गळ्यात दोर घातला. गव्हर्नरला सैनिक पाठवावे लागले. मार्चमध्ये वॉशिंग्टनला सत्ता बदलली तेव्हा हवा ही होती.

गणकयंत्र (शनिवार, सकाळी ९:०५)

सांजपर्व, तुमचा १९ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, पण त्याच्या पोटात काय आहे ते बघा. त्या मोजणीत सरकारी मदतकामांवर असलेले सगळे लोक ‘बेकार’ धरले आहेत. सकाळी उठून रस्त्याच्या कामावर जाणारा, शाळेची इमारत बांधणारा, महिन्याला पगार घेणारा माणूस कागदावर बेकार! मायकल डार्बी यांनी १९७० च्या दशकात हे दाखवून फेरमोजणी केली. या लोकांना कामावर धरलं तर १९३८ चा आकडा साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो आणि १९३७ चा नऊच्या.

दुसरं, १९३३ ते १९३७ या काळात उत्पादन वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त वेगाने वाढलं. खड्डा इतका खोल होता की एवढ्या वेगाने चढूनही माणूस काठावर पोचला नाही. ‘चढला नाही’ आणि ‘काठावर पोचला नाही’ यात फरक आहे.

सांजपर्व (शनिवार, सकाळी ९:४०)

मुद्दा मान्य, हे मला माहीत नव्हतं. पण शंका उरतेच. सरकारने कर घेऊन, कर्ज काढून दिलेलं तात्पुरतं काम ही नोकरी म्हणायची का? उद्या निधी आटला की तो माणूस पुन्हा रस्त्यावर.

उंबरठा (शनिवार, सकाळी ११:२०)

म्हणायची. ज्याच्या घरी चूल पेटते त्याला विचारा.

एका राज्य उद्यानात फिरायला गेलो होतो. तिथली दगडी निवारा-घरं इतकी देखणी की मी तिथल्या वयस्कर स्वयंसेवकाला विचारलं, कुणी बांधली? तो म्हणाला, ‘माझ्या वडिलांनी. म्हणजे त्यांच्या कॅम्पने.’ सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर, लोक नुसतं सीसीसी म्हणत. बेकार घरातली तरुण मुलं, महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी. खाणं, कपडे, झोपायला खाट सरकारची. १९३३ ते १९४२ या काळात जवळपास ३० लाख मुलं त्यातून गेली आणि त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडं लावली.

त्या गृहस्थांचे वडील सोळाव्या वर्षी वय वाढवून सांगून भरती झाले होते. पहिल्या महिन्यातच त्यांचं वजन वाढलं, कारण तीन वेळ जेवायची सवयच नव्हती. कॅम्पात संध्याकाळी शिकवायचे. लिहायला तिथेच शिकले. आईला पहिलं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं ते कॅम्पातून. आईला वाचता येत नव्हतं, तिने ते शेजारणीकडून तीनदा वाचून घेतलं.

निधी आटला, १९४२ मध्ये कॅम्प बंद झाले. भिंती अजून उभ्या आहेत.

एकशिंगी (शनिवार, दुपारी १:१०)

भिंतींबद्दल आदर आहे. पण त्याच सरकारने आणखी काय केलं तेही याच धाग्यात येऊ दे.

१९३३ च्या उन्हाळ्याअखेर शेतमालाचे भाव वाढावेत म्हणून सरकारने साठ लाख डुकरं विकत घेऊन मारली, बरीचशी लहान पिल्लं. थोडं मांस गरिबांना वाटलं, पण लहान पिल्लांचं बहुतेक खत आणि चरबी झाली. शहरांत लोक सूपसाठी रांगेत उभे असताना! त्याच वर्षी सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकायला लावला. खेचरांना आयुष्यभर ओळीच्या मधून चालायला शिकवलेलं, ती पिकावर पाय ठेवायला तयार होईनात असं त्या काळचे लोक सांगत.

कापूस कमी पेरायचे पैसे जमीनमालकाच्या हातात पडले. मग वाट्याने जमीन कसणाऱ्या कुळांची गरज कशाला? हजारो कुटुंबं घराबाहेर निघाली. १९३४ मध्ये आर्कान्सात टायरॉन्झा इथे काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून संघटना काढली ती यातूनच. ही माणसं समनरच्या क मध्येही बसत नाहीत आणि रूझवेल्टच्या क्ष मध्येही.

आणि एनआरए, धंद्यांचे भाव आणि वेतन बांधून देणारी सरकारी यंत्रणा! निळ्या गरुडाचं चिन्ह दुकानाच्या काचेवर लावायचं, धंद्याधंद्याच्या ‘संहिता’ पाळायच्या, ठरल्यापेक्षा कमी दर लावायचा नाही. न्यू जर्सीतल्या एका शिंप्याने सूटला इस्त्री करायचे ४० सेंटऐवजी ३५ सेंट घेतले म्हणून १९३४ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. मंदीत स्वस्त सेवा दिली हा गुन्हा! रोग परवडला पण औषध नको.

पारवा (शनिवार, दुपारी १:४५)

त्या गरुडाला शेवटी कोंबडीने हरवलं हे सांगायचं राहिलं की!

ब्रुकलिनमधले शेक्टर बंधू, ज्यूंच्या धार्मिक नियमांप्रमाणे कापलेल्या कोंबड्यांचे घाऊक व्यापारी. त्यांच्यावर खटला भरला. एक आरोप असा की ते गिऱ्हाइकाला खुराड्यातली कोंबडी निवडू देत. संहितेप्रमाणे हाताला लागेल ती घ्यायची! कोर्टात यावर प्रश्न निघाले तेव्हा न्यायमूर्तींनाही हसू आवरलं नाही. २७ मे १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी हा कायदाच रद्द केला. उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे न्यायमूर्ती ब्रँडाइससुद्धा सरकारच्या विरोधात गेले.

कवडसा (शनिवार, दुपारी ३:००)

मस्त चाललाय धागा. एक भाबडा प्रश्न: १९२९ ला दलाल खिडकीतून पटापट उड्या मारत होते हे खरं का?

गणकयंत्र (शनिवार, दुपारी ३:२५)

बरंचसं दंतकथा. आत्महत्यांचं प्रमाण वाढलं हे खरं, पण त्याचा कळस १९३२ मध्ये, म्हणजे बाजार कोसळला तेव्हा नाही तर नोकऱ्या आणि आशा दोन्ही संपल्यावर. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, जुलै १९३२ मध्ये ४१. माणसं एका दिवसात नाही, तीन वर्षांत खचली.

जमाखर्च (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

मी आयुष्यभर बँकेत काढलं, त्यामुळे मला हा सगळा इतिहास काउंटरच्या आतून दिसतो. तुम्ही सगळे डुकरं, गरुड आणि झाडांवर बोलताय. माझ्या मते खरी गोष्ट बँकांची आहे.

१९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. बहुतेक छोट्या, एका गावच्या, एका इमारतीतल्या. ठेवींना विमा नाही. बँक बुडाली म्हणजे म्हाताऱ्याची पुंजी, किराणावाल्याचं खेळतं भांडवल, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, सगळं एका सकाळी दाराला लावलेल्या कागदामागे गेलं. त्यांनी शेअर घेतलेले नव्हते. सट्टा खेळलेला नव्हता. सांजपर्व, तुमचा क, सरळ मार्गाने कमावणारा आणि बचत करणारा, मला इथे दिसतो, आणि त्याला कुठल्या कराने नाही तर बुडणाऱ्या बँकेने लुटलं.

देशातला एकूण पैसा, म्हणजे रोकड आणि ठेवी मिळून, जवळपास एक तृतीयांशाने घटला. फ्रीडमन आणि श्वार्ट्झ या अर्थतज्ज्ञांनी १९६३ मध्ये याचं माप मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या पदरात घातलं: आग लागलेली दिसत होती, बंब हाताशी होता, तरी सोडला नाही. २००२ मध्ये फ्रीडमन यांच्या नव्वदीच्या समारंभात बेन बर्नान्के यांनी फेडच्या वतीने ही चूक जाहीर कबूल केली. फ्रीडमन सरकारी हस्तक्षेपाचे कट्टर टीकाकार, आणि त्यांचा सर्वात मोठा आरोप ‘सरकारी यंत्रणेने करायला हवं ते केलं नाही’ हा, हे लक्षात घ्या.

आता मार्च १९३३. रूझवेल्टनी शपथ घेतली ४ तारखेला. ६ तारखेपासून देशभर बँका बंद. ९ तारखेला कायदा, एका दिवसात. १२ तारखेला रविवारी रात्री रेडिओवर त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, तो फिरतो. आम्ही तपासून धड बँकाच उघडतोय. गादीखालून पैसे काढून आणा. सोमवारी रांगा लागल्या, पण पैसे काढायला नाही, भरायला! काउंटरवर बसलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ काय वाटतो ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्या कायद्याचा बराचसा मसुदा हूव्हरच्या अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनीच केला होता. निवडणूक हरलेली ती माणसं रात्ररात्र जागून नव्या सरकारसाठी काम करत राहिली. त्यांना फारसं कुणी आठवत नाही.

मग ठेव-विमा. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित. रूझवेल्टना स्वतःला ही कल्पना पसंत नव्हती, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, रेटली. १९३४ मध्ये विमा असलेल्या बुडालेल्या बँका किती? नऊ. नऊ हजार नाहीत, नऊ.

कवडसा (शनिवार, संध्याकाळी ६:४०)

जमाखर्च काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. आणि ते सोन्याचा भाव अंथरुणात बसून ठरवायचे ते प्रकरण खरं का?

जमाखर्च (शनिवार, संध्याकाळी ७:०५)

खरं. १९३३ च्या शरद ऋतूत सकाळी रूझवेल्ट पलंगावर न्याहारी करताना सोन्याचा त्या दिवसाचा भाव ठरायचा. एकदा त्यांनी २१ सेंट वाढ सुचवली, का तर तीन सत्ते एकवीस, शुभ आकडा. त्यांचे सहकारी आणि पुढचे अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ यांनी हे डायरीत लिहून ठेवलंय आणि लोकांना हे कळलं तर ते घाबरतील असंही लिहिलंय. मला हे वाचून राग येतो. देशाचं चलन म्हणजे सोंगट्या नव्हेत. पण जानेवारी १९३४ मध्ये २०.६७ वरून ३५ डॉलरवर भाव कायम केला, डॉलर सोन्याच्या जुन्या दोरीतून सुटला आणि युरोपातून सोनं वाहत आलं, याने अर्थव्यवस्थेत जीव आला हेही तितकंच खरं.

दूरदेशी (शनिवार, रात्री ९:३०)

मी पूर्व टेनेसीत राहते. इथे न्यू डील म्हणजे धरण.

नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरं झालं. टेनेसी व्हॅली अथॉरिटी, टीव्हीए, हिचं पहिलं मोठं धरण. त्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबं उठवली, हजारो थडगी उकरून दुसरीकडे नेली. मालकांना जमिनीचे पैसे मिळाले. कुळांना जमीनच नव्हती, मग पैसे कसले? आमच्या ओळखीच्या एका बाईंचं माहेर त्या पाण्याखाली आहे. त्यांची आई मरेपर्यंत त्या तळ्याकाठी सहलीला गेली नाही.

त्याच आईने पुढे घरात पहिला दिवा लागला ती रात्र मुलींना शंभरदा सांगितली. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शेतघरांपैकी जेमतेम दहा टक्क्यांकडे वीज होती. खासगी कंपन्यांना डोंगरातल्या चार घरांसाठी तारा ओढणं परवडत नव्हतं. विहिरीचं पाणी शेंदून पाठ वाकलेल्या बायकांना पंप मिळाला. एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही आलं. तिला कुणी विचारलं नाही की यातलं काय निवडशील.

एकशिंगी (शनिवार, रात्री १०:१५)

दूरदेशी, सुंदर लिहिलंत. फक्त एक भर. खासगी कंपन्या अगदीच स्वस्थ नव्हत्या. वेंडेल विल्की यांची कंपनी दक्षिणेत वीज पुरवत होती. सरकारच समोर स्पर्धक म्हणून उभं राहिलं, तेही करदात्यांच्या पैशावर. मग नव्या तारांसाठी त्यांना भांडवल कोण देणार? अखेर १९३९ मध्ये त्यांनी टेनेसीतला कारभार ७.८ कोटी डॉलरना टीव्हीएला विकला, आणि १९४० मध्ये रूझवेल्टविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले.

माझा मूळ आक्षेप हाच आहे. धंदेवाल्याला उद्याचा नियम माहीत नसेल तर तो यंत्र घेणार नाही, माणूस ठेवणार नाही. १९३६ मध्ये तर न वाटलेल्या नफ्यावर कर बसवला. म्हणजे अडीनडीसाठी पैसे मागे ठेवणाऱ्या कंपनीलाच शिक्षा. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट हिग्ज यांनी ही धास्तीच खासगी गुंतवणूक न उठण्याचं कारण मानली आहे.

निशिगंधा (रविवार, सकाळी ८:००)

चर्चेत अ, ब, क, क्ष सगळे आले. काळी माणसं आणि बायका यांचं काय?

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेतली बहुतेक काळी माणसं नेमकी याच दोन कामांत होती. सीसीसीचे कॅम्प वर्णाप्रमाणे वेगळे. घरकर्जं वाचवायला १९३३ मध्ये काढलेल्या सरकारी संस्थेने सुमारे दहा लाख घरं जप्तीतून सोडवली, हे मोठंच काम. पण तिनेच शहरांचे नकाशे काढताना काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून रंगवल्या. आणि १९३२ च्या काटकसर कायद्यात असं कलम होतं की नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील तर कपातीत आधी त्यांच्यातल्या एकाला काढा. कोण गेलं असेल?

तरी एक बाई होत्या फ्रान्सिस पर्किन्स, अमेरिकेच्या पहिल्या महिला मंत्री. वृद्धांचं पेन्शन, किमान वेतन, कामाचे तास, या सगळ्यामागे त्या होत्या. १९११ मध्ये न्यूयॉर्कला शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत मुली खिडक्यांतून पडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. बाई ते विसरल्या नाहीत.

उंबरठा (रविवार, सकाळी ८:४०)

निशिगंधा, तुमच्या प्रतिसादावरून डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये काढलेलं ते प्रसिद्ध छायाचित्र आठवलं, एक मजूर आई, कपाळाला आठ्या, खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. कॅलिफोर्नियात निपोमोला वाटाण्याचं पीक गारठलं आणि मजूर तिथेच अडकले होते. छायाचित्र छापून आल्यावर सरकारने त्या तळावर अन्न पाठवलं. तोवर ती बाई पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलेली. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव आणि ती चेरोकी वंशाची होती, हे जगाला कळायला १९७० चं दशक उजाडलं. फोटो देशाचा झाला, बाईला काही मिळालं नाही.

खडूफळा (रविवार, दुपारी १२:३०)

शब्द दिला होता, आलो.

विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, ‘सर, न्यू डील यशस्वी की अयशस्वी?’ मी म्हणतो, न्यू डील नावाचं एक औषध नव्हतंच. ती एक अख्खी पेटी होती आणि त्यात एकमेकांना मारक बाटल्याही होत्या. एका हाताने भाव वाढवायला उत्पादन कमी करत होते, दुसऱ्या हाताने लोकांना काम द्यायला उत्पादन वाढवत होते.

एनआरए बद्दल एकशिंगींशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. कोल आणि ओहानियन यांनी २००४ मध्ये मांडलं की भाव आणि वेतन कृत्रिमपणे वर धरून ठेवण्याच्या या धोरणांनी मंदी सुमारे सात वर्षं लांबवली. सात हा आकडा वादग्रस्त आहे, पण दिशा मला पटते. शंभर जणांना काम हवं असताना साठ जणांना चांगलं वेतन आणि चाळीस दाराबाहेर.

सरकारी खर्चाबद्दल मात्र दोन्ही बाजू चुकतात. कॅरी ब्राउन यांनी १९५६ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की खर्च वाढवून मंदी हटवायचा उपाय तेव्हा फसला नाही, तो नीट केलाच गेला नाही. वॉशिंग्टनने एका बाजूने ओतलं, राज्यांनी आणि शहरांनी कर वाढवून दुसऱ्या बाजूने उपसलं. मग १९३३ ते ३७ ची वाढ आली कुठून? क्रिस्टिना रोमर यांचं १९९२ चं उत्तर: बहुतेक पैशाच्या पुरवठ्यातून. म्हणजे जमाखर्च म्हणतात तेच.

आणि १९३७. सांजपर्व, तुमचा १९ टक्क्यांचा आकडा इथे जन्मला. गाडी चढाला लागली होती, तर ‘झालं, आता महागाई होईल’ म्हणून फेडने बँकांच्या राखीव रकमेचं प्रमाण तीन टप्प्यांत दुप्पट केलं. अर्थखात्याने येणारं सोनं कुलूपबंद ठेवलं. मदतकामांचा खर्च छाटला. सामाजिक सुरक्षेचा कर १९३७ च्या जानेवारीपासून पगारातून कापायला सुरुवात झाली, मासिक पेन्शन मात्र १९४० पर्यंत कुणालाच नाही. औद्योगिक उत्पादन वर्षभरात जवळपास एक तृतीयांशाने कोसळलं. एकशिंगींची ‘धास्ती’ यात होतीच, पण मला तो मुख्य आरोपी वाटत नाही; १९३८ मध्ये पैसा पुन्हा सैल केल्यावर गाडी लगेच हलली, आणि धंदेवाले तेव्हाही रूझवेल्टना तितकेच वैतागलेले होते.

एकशिंगी (रविवार, दुपारी १:१५)

सर, शेवटच्या वाक्यावर अडतो. १९३८ नंतर धोरणही नरमलं. तो नफ्यावरचा कर १९३८ मध्येच पातळ केला आणि १९३९ मध्ये संपवला. पैसा आणि धास्ती दोन्ही एकदम बदलले, तर श्रेय एकालाच का?

खडूफळा (रविवार, दुपारी १:३०)

रास्त प्रश्न. एकट्याला नाही देता येणार. वर्गातही हे सांगत जाईन.

कवडसा (रविवार, दुपारी ४:२०)

सरकार सोडून लोकांनी काय केलं यावर रानजाईंनंतर कुणी बोललंच नाही. सिएटलमध्ये १९३१ मध्ये बेकारांनी स्वतःची संघटना काढली होती. शेतकऱ्यांची काढणी करून द्यायची आणि बदल्यात बटाटे-सफरचंदं आणायची, न्हाव्याने केस कापायचे, सुताराने त्याचं दार दुरुस्त करायचं. कितीतरी गावांनी स्वतःच्या कागदी चिठ्ठ्या चलन म्हणून चालवल्या. दारूच्या व्यसनातून एकमेकांना बाहेर काढणारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला सुरू झाली. ना सरकार, ना वर्गणीची सक्ती. आज जगभर आहे.

निशिगंधा (रविवार, संध्याकाळी ५:००)

कवडसा, या गोष्टी मला मनापासून आवडतात. पण १९३२ च्या हिवाळ्यापर्यंत शहरांतल्या धर्मादाय संस्थांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. शिकागोत शिक्षकांचे महिनोन्‌महिने पगार थकले, तरी ते उपाशी मुलांना स्वतःच्या पैशाने खाऊ घालत होते. देणाऱ्याचेच हात रिकामे झाल्यावर काय करायचं? रूझवेल्टचे मदतमंत्री म्हणावेत असे हॅरी हॉपकिन्स, त्यांना कुणीतरी म्हणालं की दीर्घकाळात सगळं सुरळीत होईल. ते म्हणाले, लोक दीर्घकाळात जेवत नाहीत, रोज जेवतात. १९३३-३४ च्या एका हिवाळ्यात त्यांनी चाळीस लाख लोकांना कामावर घेतलं.

सांजपर्व (रविवार, रात्री ९:५०)

दोन दिवस नुसता वाचत होतो. जिथून सुरुवात केली तिथे आता मी नाही.

‘सरकारने मंदी लांबवली’ हे वाक्य मागे घेतो. बँका आणि सोन्याबाबत माझं चुकलं. मदतकामांबाबत गणकयंत्र आणि उंबरठा यांनी मला गप्प केलं. एनआरए आणि शेतीच्या धोरणाबाबत मात्र जागचा हललेलो नाही. शिंप्याला तुरुंगात टाकणारा कायदा कुठल्याही मंदीत चूकच.

पण क चं काय, हे कोडं सुटलेलं नाही. पेन्शनचंच बघा. व्हर्मांटच्या आयडा मे फुलर यांना ३१ जानेवारी १९४० ला पहिला मासिक चेक मिळाला, २२ डॉलर ५४ सेंट. कर म्हणून त्यांनी एकूण भरले होते २४.७५ डॉलर. त्या शंभर वर्षं जगल्या आणि त्यांना २२ हजार डॉलरच्या वर मिळाले. मला त्यांच्याबद्दल आनंदच वाटतो. फरक मात्र नंतरच्या कामगारांनी भरला, आणि त्यातले कित्येक तेव्हा जन्मलेलेही नव्हते. ते क की क्ष?

रानजाई (रविवार, रात्री ११:२०)

सांजपर्व, तुमचं कोडं डोक्यातून जाईना, म्हणून आज त्या आजींच्या मुलीला फोन केला. आजी आता नाहीत. डुकरांचं काही ऐकलं होतं का, असं विचारलं.

ती म्हणाली, आमच्या आजोबांनीच विकली होती सरकारला. १९३३ च्या सप्टेंबरात. चेक आला, त्यातून जमिनीचा थकलेला कर भरला आणि शेत राहिलं, नाहीतर पुढचा लिलाव आमचाच होता. आणि त्या रात्री आजोबा जेवणाच्या टेबलावर एक अक्षर बोलले नाहीत. पिल्लं त्यांनी स्वतः गाडीत चढवली होती. आईने मोठेपणीही त्या रात्रीचं वर्णन सुरू केलं की अर्ध्यावर थांबायची.

१९३६ मध्ये आजोबांनी रूझवेल्टना मत दिलं, १९४० मध्ये विल्कींना. घरात कुणी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी तिला अ, ब, क समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, थांब, आईच्या खणातल्या त्या कागदांत आजोबांची कराची पावती आहे, तिचा फोटो पाठवते.

जमाखर्च (रविवार, रात्री ११:४५)

रानजाई, पावती आली की रक्कम तेवढी सांगा. मी जागा आहे.